दुसऱ्याला मागे टाकणारं 'आउट'

इंग्रजी वर्तमानपत्राचं क्रीडापान किंवा अर्थपान उघडलं की काही क्रियापदं हमखास भेटतात. आउटप्ले, आउटक्लास, आउटस्कोअर, आउटबिड, आउटपरफॉर्म, आउटनंबर. शब्दकोशात यांतल्या प्रत्येकाची नोंद वेगळी असते आणि इंग्रजी शिकणारी आपली मुलं ती एकेक करून पाठ करतात. एवढ्या घोकंपट्टीची गरज नाही. या सगळ्या गोतावळ्यात 'आउटडू' नावाचं एक साधं क्रियापद आहे. त्याची घडण नीट समजून घेतली, तर बाकीची क्रियापदं आपोआप उलगडतात. कोशात अजून न आलेलीसुद्धा.

आउटडू म्हणजे एखाद्या कामात दुसऱ्यापेक्षा सरस ठरणं, दुसऱ्यावर ताण करणं. 'डू' म्हणजे करणं आणि 'आउट' म्हणजे बाहेर, हे पहिली-दुसरीतल्या मुलालाही माहीत असतं. पण 'करणं' आणि 'बाहेर' यांच्या बेरजेतून 'वरचढ ठरणं' कसं निघालं? यासाठी आधी 'आउटरन'कडे पाहावं, कारण तिथे बाहेर जाणं डोळ्यांना दिसतं. दोघे धावताहेत. एक जण दुसऱ्याच्या टप्प्याबाहेर निघून जातो. दुसऱ्याची धाव जिथे संपते, त्याच्या पलीकडे याची धाव पोचते. हा जो 'टप्प्याबाहेर', तोच या सगळ्या क्रियापदांतला 'आउट'. धावण्याच्या जागी कुठलीही कृती ठेवा : बोली लावणं, विचार करणं, टिकून राहणं. दुसऱ्याची मजल जिथे थांबते, तिथून पुढे पहिल्याची मजल जाते, एवढाच अर्थ.

आउटडू हे क्रियापद जुनंच. सुरुवातीला त्याचा अर्थ बाहेर घालवणं, विझवणं असा होता. 'सरस ठरणं' हा अर्थ त्याला मिळाला तो इसवी सन १६००च्या आसपास, म्हणजे शेक्सपिअरच्या काळात. त्याच्या 'कोरिओलेनस' नाटकात रणांगणावरून परतणाऱ्या नायकाचं कौतुक करताना हेच क्रियापद येतं, आणि तिथे त्याने मागे टाकलेलं आहे ते स्वतःच्याच आधीच्या पराक्रमाला. आजही इंग्रजीत एखाद्या सुगरणीचा बेत नेहमीपेक्षा फक्कड जमला की तिने स्वतःलाच आउटडू केलं, असं म्हणतात.

आता व्याकरणाची कळ पाहू, कारण खरी गंमत तिथेच आहे. 'रन' या क्रियापदाला कर्माची गरज नसते. सुरेश धावला, वाक्य पुरं झालं. त्यालाच 'आउट' जोडला की वाक्य एकदम अपुरं वाटू लागतं आणि 'कोणाला?' हा प्रश्न उभा राहतो. 'आउट' लागताच अकर्मक क्रियापद सकर्मक होतं आणि कर्माच्या जागी प्रतिस्पर्धी येऊन बसतो. ज्या क्रियापदांना मुळात कर्म असतं, त्यांचं तर आणखी नवल. 'सेल' म्हणजे विकणं. कर्म असतं पुस्तक, आंबे, गाड्या, म्हणजे विकली जाणारी वस्तू. 'आउटसेल' केल्यावर ती वस्तू कर्माच्या जागेवरून उठते आणि तिथे दुसरा दुकानदार किंवा दुसरं पुस्तक येतं. किती आंबे विकले, हा मुद्दा मागे पडतो. कोणापेक्षा जास्त विकले, एवढंच उरतं.

२०२२च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेतली तीन हजार मीटर स्टीपलचेस शर्यत आठवा. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्याचा अविनाश साबळे ८ मिनिटं ११.२० सेकंदांत धावला आणि त्याला रौप्यपदक मिळालं. सुवर्ण जिंकणाऱ्या केनियाच्या अब्राहम किबिवोटची वेळ होती ८ मिनिटं ११.१५ सेकंद. कांस्यपदक केनियाच्याच अमोस सेरेमला मिळालं. इंग्रजीत लिहायचं तर किबिवोटने साबळेला आउटरन केलं आणि साबळेने सेरेमला. एकाच शर्यतीत एकच माणूस एका वाक्यात कर्म आणि दुसऱ्या वाक्यात कर्ता. शिवाय फरक सांगायचा असेल तर 'बाय' हे अव्यय जोडायचं : बाय पाच शतांश सेकंद. हा 'बाय' कर्मणी वाक्यातल्या 'बाय'पेक्षा वेगळा. कर्मणी वाक्यात 'बाय'नंतर माणूस येतो, इथे अंतर येतं. एका वाक्यात दोन्ही आले तरी बिघडत नाही, आधी माणूस आणि मग अंतर. कोणत्या बाबतीत सरस, हे सांगायचं तर 'इन' वापरायचं.

मराठी माणसाचा पाय घसरतो तो नेमका इथे. आपल्याकडे तुलनेचा सगळा भार 'पेक्षा'वर असतो. 'त्याच्यापेक्षा जास्त धावला' हे डोक्यात ठेवून इंग्रजी लिहायला घेतलं की 'पेक्षा'साठी 'दॅन' आणि 'जास्त'साठी 'मोअर' हाताला लागतात. मग 'ही आउटरॅन दॅन मी' किंवा 'ही आउटडिड मोअर' अशी वाक्यं तयार होतात. दहावी-बारावीच्या वह्यांत ही चूक नित्याची आहे आणि तिच्यामागे आळस नसून मराठीचं वळण आहे. म्हणून शिक्षकांनी नुसती लाल रेघ न मारता कारण सांगावं : 'पेक्षा' आणि 'जास्त' हे दोन्ही त्या 'आउट'च्या पोटातच आहेत. ते पुन्हा बाहेर काढायचे नाहीत. 'ही आउटरॅन मी', झालं.

पुढचा प्रश्न मोजमापाचा. 'आउट' फक्त सांगतो की कोणी तरी कोणाच्या तरी पुढे गेला. कशात पुढे गेला, हे सांगण्याचं काम मूळ क्रियापदाचं. हे समजायला मुंबईच्या क्रिकेटइतकं चांगलं उदाहरण नाही. फेब्रुवारी १९८८, आझाद मैदान, हॅरिस शील्ड. शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी या शाळकरी मुलांनी सेंट झेवियर्सविरुद्ध ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. सचिनच्या नाबाद ३२६, विनोदच्या नाबाद ३४९. त्या डावात कांबळीने सचिनला २३ धावांनी आउटस्कोअर केलं, हे वाक्य शंभर टक्के खरं आहे. आता दोघांची कसोटी कारकीर्द घ्या. कांबळी १७ कसोटी खेळला, सचिन २००. कांबळीच्या धावा १०८४, सचिनच्या १५,९२१. म्हणजे धावांच्या मोजमापाने सचिनने त्याला आउटस्कोअर केलं आणि टिकण्याच्या मोजमापाने आउटलास्ट केलं. पण सरासरी? कांबळीची ५४.२०, सचिनची ५३.७८. इथे पारडं पुन्हा फिरतं आणि आकडेवारीवाले इंग्रजी लेखक बिनदिक्कत लिहितात की कांबळीने सचिनला आउटॲव्हरेज केलं. हे क्रियापद बहुतेक कोशांत सापडणार नाही. तरी क्रिकेट वाचणाऱ्या कोणालाही ते अडत नाही, कारण साचा ओळखीचा आणि आत घातलेलं माप स्पष्ट.

या उदाहरणावरून एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. 'कोण श्रेष्ठ?' या प्रश्नाचं उत्तर आउट-क्रियापद देत नाही. ते एका मापापुरतं बोलतं. आउटडू मात्र थोडं सैल आहे. 'डू' म्हणजे काहीही करणं, त्यामुळे माप मोकळं राहतं आणि ते संदर्भावरून किंवा 'इन'च्या मदतीने भरून घ्यावं लागतं. म्हणूनच परीक्षेच्या निबंधात आउटडू वापरताना कशात सरस ते लिहावं, नाहीतर वाक्य पोकळ वाटतं.

साच्यात घालायला क्रियापदच लागतं असंही नाही. 'नंबर' ही मुळात संख्या. तिच्यापासून आउटनंबर, म्हणजे संख्येने जास्त असणं. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात दर हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या, पण रत्नागिरी जिल्ह्यात अकराशेहून अधिक. पोटापाण्यासाठी मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांच्या पिढ्या त्या आकड्यामागे आहेत. रत्नागिरीत स्त्रिया पुरुषांना आउटनंबर करतात, असं इंग्रजीत लिहिलं की त्यात भांडण नाही, जय-पराजय नाही, नुसती मोजणी आहे. 'व्होट'वरून आउटव्होट. १७ एप्रिल १९९९ रोजी लोकसभेत वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० असं एका मताने आउटव्होट झालं. 'विट' म्हणजे बुद्धी, तिच्यावरून आउटविट, बुद्धीने मात करणं. ऑगस्ट १६६६मध्ये शिवाजीमहाराज आग्र्याहून निसटले, त्या प्रसंगाचं वर्णन इंग्रजी इतिहासकार याच क्रियापदाने करतील, आणि आपण म्हणू औरंगजेबाच्या हातावर तुरी दिल्या. 'स्मार्ट' या विशेषणावरून आउटस्मार्ट, 'रँक' या हुद्द्यावरून आउटरँक.

शेक्सपिअरने तर विशेषनामावरून क्रियापद पाडलं. मध्ययुगीन इंग्रजी धार्मिक नाटकांत हेरोद राजाचं पात्र आरडाओरडा करणारं, थयथयाट करणारं असे. 'हॅम्लेट'मध्ये राजपुत्र नटांना अभिनयाचे धडे देतो, तेव्हा हेरोदलाही आकांडतांडवात मागे टाकणाऱ्या नटावर तो वैतागतो आणि 'आउट-हेरड' असं क्रियापद वापरतो. चारशे वर्षं झाली, इंग्रज लेखक अजून त्या धर्तीवर नवी क्रियापदं पाडतात : एखाद्या माणसाचं नाव ज्या गुणासाठी किंवा दुर्गुणासाठी गाजलं असेल, त्यात त्याच्यावरही ताण करायची, तर 'आउट' जोडा आणि तेच नाव पुन्हा कर्म म्हणून ठेवा.

एका क्रियापदाचा मात्र अंदाज चुकू शकतो. 'आउटस्ट्रिप' पाहून आजचा वाचक 'स्ट्रिप' म्हणजे कपडे उतरवणं या अर्थाकडे जातो. इथला 'स्ट्रिप' निराळा आहे, वेगाने जाणं या अर्थाचा जुना शब्द. तो एकटा केव्हाच मेला, 'आउट'च्या आधाराने जिवंत राहिला. मागणीने पुरवठ्याला आउटस्ट्रिप केलं, असं वाक्य अर्थपानावर वारंवार येतं. म्हणजे मागणी पुरवठ्याच्या कितीतरी पुढे निघून गेली.

अर्थपानाचा विषय निघालाच आहे, तर गुंतवणूकदारांनी 'आउटपरफॉर्म'पाशी जरा थांबावं. समजा, बाजाराचा निर्देशांक वर्षभरात दहा टक्के पडला आणि एक शेअर सहा टक्के पडला. त्या शेअरने बाजाराला आउटपरफॉर्म केलं. तुमचे पैसे मात्र बुडालेच. दलाली पेढीच्या अहवालात एखाद्या शेअरपुढे हा शब्द दिसला की त्याचा अर्थ 'हा वर जाईल' असा लावणारे पुष्कळ आहेत, आणि ते धोक्याचं आहे. आउट-क्रियापद कायम दोघांतलं अंतर सांगतं. दोघे डोंगर चढताहेत की उतरताहेत, याबद्दल ते अवाक्षर काढत नाही. दोन्ही वाईट असतील तर कमी वाईट असलेलाही पुढेच ठरतो.

दोन क्रियापदं अशी आहेत की तिथे 'मात', 'बाजी', 'कुरघोडी' हे आपले शब्द मुळीच चालत नाहीत. पहिलं आउटलिव्ह. कोणाच्या तरी मागे जगत राहणं. महर्षी धोंडो केशव कर्वे १८५८मध्ये जन्मले आणि १९६२मध्ये, वयाच्या १०५व्या वर्षी गेले. त्यांचे पुत्र रघुनाथराव, 'समाजस्वास्थ्य'चे संपादक, १९५३मध्येच वारले होते. इंग्रजी चरित्रकार एका क्रियापदात लिहील की महर्षी कर्व्यांनी मुलाला आउटलिव्ह केलं. मराठीत 'मुलापेक्षा जास्त जगले' असं लिहिलं तर ते कानाला फार क्रूर लागेल. 'मुलाच्या पश्चात नऊ वर्षं जगले' किंवा 'मुलाचा मृत्यू त्यांना पाहावा लागला' असंच लिहायला हवं. इंग्रजी क्रियापद दोन आयुष्यांची लांबी मोजतं आणि गप्प बसतं. मराठी वाक्याला त्या घरातल्या दुःखाची दखल घ्यावी लागते.

दुसरं आउटग्रो. मुलगा शर्टाला आउटग्रो करतो, असं इंग्रजी म्हणतं. आपण कर्ताच बदलतो : शर्ट आखूड झाला. जूनमध्ये शाळा उघडताना गणवेश अंगाला घालून पाहणाऱ्या कुठल्याही आईच्या तोंडी हेच वाक्य असतं. मूल वाढलं हे उघडच असतं, तक्रार शर्टाबद्दल असते. सवयीबद्दल बोलताना मात्र ही युक्ती चालत नाही. अंगठा चोखायची सवय मुलाने आउटग्रो केली, म्हणजे मोठं होता होता ती सुटली. इथे सवय 'सुटते', शर्ट 'आखूड होतो', मित्रांचा जुना कंपू 'दुरावतो'. एका इंग्रजी क्रियापदाला मराठीत तीन क्रियापदं लागली, आणि तिन्ही बरोबर आहेत.

आता आउटडूच्या सख्ख्या शेजाऱ्याकडे वळू, कारण सर्वांत जास्त गोंधळ तिथे होतो. आउटडू आणि ओव्हरडू. 'आउट' प्रतिस्पर्ध्याच्या पुढे जातो, 'ओव्हर' मर्यादेच्या पलीकडे. आउटडू केलं की कौतुक होतं, ओव्हरडू केलं की अति झालं. मेकअप ओव्हरडू होतो, मसाला ओव्हरडू होतो. तिथे प्रतिस्पर्धी कोणी नसतो, फक्त ओलांडलेली रेघ असते. आउटईट म्हणजे पंगतीत दुसऱ्यापेक्षा जास्त जेवणं, ओव्हरईट म्हणजे पोट फुटेस्तोवर जेवणं. दोन्ही एकाच माणसाला एकाच वेळी जमू शकतं. अपवाद आहेच : ओव्हरटेक. तिथे 'ओव्हर' असूनही दुसऱ्या गाडीला मागे टाकणं आहे, आणि तो शब्द आपल्या इतका अंगवळणी पडलाय की त्यावरून 'ओव्हर म्हणजे दुसऱ्याला मागे टाकणं' असा नियम मनात बसतो. हा गोंधळ तिथूनही येत असावा, असं मला वाटतं.

आपल्या बाजूने त्यात आणखी एक भर आहे. संस्कृतातला 'अति' हा उपसर्ग कधीकाळी 'आउट'चंच काम करत असे. 'शी' म्हणजे निजणं, पडून राहणं. त्याला 'अति' लागला की अर्थ होई दुसऱ्याच्या वरचढ ठरणं. आपण दिवसातून दहादा वापरतो तो 'अतिशय' हा शब्द त्यातूनच आला. पण मराठीत येईस्तोवर 'अति'चा कल मर्यादा ओलांडण्याकडे झुकला : अतिरेक, अतिप्रसंग, अति तेथे माती. म्हणून मराठी मन 'जास्त करणं' म्हटलं की सहज 'ओव्हर'कडे जातं.

याच अर्थाच्या आसपास फिरणारी आणखी तीन क्रियापदं थोडक्यात. 'एक्सीड'चं कर्म बहुधा आकडा किंवा मर्यादा असते : वेगमर्यादा, अंदाजपत्रक, अपेक्षा. 'एक्सेल' लॅटिनमधून आलेलं, मूळ अर्थ उंच उठणं. ते आता सहसा कर्म घेत नाही. एखादी मुलगी गणितात एक्सेल करते, कोणाला मागे टाकून ते सांगायची गरज नसते. त्याची भूतकाळाची रूपं लिहिताना शेवटचा 'एल' दोनदा येतो, हे विसरू नये. 'सरपास' जरा भारदस्त, समारंभातल्या भाषणाला शोभणारं. गप्पांमध्ये, खेळात, धंद्यात आउटडूच चालतं.

रूपं पाठ करायला नकोत, ती मूळ क्रियापदाचीच. डू-डिड-डन, म्हणून आउटडू-आउटडिड-आउटडन. रन-रॅन-रन, म्हणून आउटरन-आउटरॅन-आउटरन. उच्चारात जोर दुसऱ्या भागावर : आउट*डू*. नामांमध्ये तो पहिल्या भागावर येतो, जसा आउटपुट, आउटलुक यांत. आणि 'आउट' दिसला की सरस ठरण्याचाच अर्थ असतो असंही नाही. आउटलाइन, आउटसोर्स यांत तो नुसता 'बाहेर' आहे. ओळखायचं कसं? कर्माच्या जागी तोलामोलाचा कोणी प्रतिस्पर्धी बसतो का, ते पाहायचं.

राहता राहिला एक वाक्प्रचार : 'नॉट टु बी आउटडन'. दहीहंडीच्या दिवशी ठाण्यात एका पथकाने आठ थर लावले की दुसरं पथक नवव्या थराची तयारी करतं. इंग्रजी बातमीदार दुसऱ्या पथकाच्या वाक्याची सुरुवात याच चार शब्दांनी करील. याचं शब्दशः भाषांतर 'मागे टाकलं न जाण्यासाठी' असं छापलेलं मी वाचलेलं आहे, आणि ते वाचवत नाही. 'आपण का मागे राहावं म्हणून' किंवा 'ईर्ष्येला पेटून' हे शब्द प्रत्येक मराठी माणसाच्या तोंडी आहेत.

अशा तोंडी असलेल्या मराठी शब्दांचा माझा आग्रह आहे तो एवढ्यासाठीच. मराठी बातम्यांत हल्ली 'आउटक्लास केलं', 'आउटपरफॉर्म केलं' असं सरसकट येऊ लागलं आहे. इंग्रजीत एकाच साच्यातून ही क्रियापदं निघतात, म्हणून मराठीतही एकच शब्द सगळीकडे चिकटवावा, असं काही नाही. मोजमाप काय आहे ते पाहा आणि शब्द निवडा. तेजाची तुलना असेल तर 'फिकं पाडलं', वजनाची असेल तर 'पारडं जड झालं', डावपेचांची असेल तर 'कुरघोडी केली', गुणवत्तेची असेल तर 'सरस ठरला', बापापेक्षा लेक वरचढ निघाली तर 'बापावर ताण केली'. आणि एकटा माणूस दहा जणांच्या विरोधात अखेरपर्यंत टिकला, तर त्याच्यासाठी 'पुरून उरला' आहे. बातमी लिहिताना, मुलांना शिकवताना हे शब्द आधी वापरा.